पुस्तकातलं आमचं गाव



परवा रात्री पुण्याहून नातीचा फोन आला. ती सध्या स्पॅनिश शिकते आहे. (आमच्या वेळी इंग्रजीच्या तासाला पोटात गोळा यायचा, आता मुली हौसेने स्पॅनिश शिकतात. काळाचा महिमा!) वर्गात त्यांच्या बाईंनी विचारलं होतं, "तुमच्या गावावर लिहिलेली एखादी कादंबरी सांगा." पुण्या-मुंबईच्या मुलांनी पटापट नावं घेतली म्हणे. आमची अमरावतीची पोर गप्प बसली. आणि रात्री मला फोन, "आजी, आपल्या अमरावतीवर कादंबरी आहे का गं? निदान अकोल्यावर तरी?"

मी पस्तीसच्या वर वर्षं शाळेत मराठी शिकवलं. एवढ्या प्रश्नाचं उत्तर मला झोपेतही देता यायला हवं होतं. मी म्हटलं, "विचार करून सांगते." विचार करता करता आठ दिवस गेले. आजचं हे लिखाण म्हणजे तिला दिलेलं उत्तर. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

माझं माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं. दोन्हींमध्ये शंभरेक किलोमीटरचं अंतर, पण दोघांचा तोरा वेगळा. अमरावतीकरांना वाटतं आपण विद्येचे, संस्कृतीचे, अंबादेवीच्या दारचे. अकोलेकरांना वाटतं पैसा आपल्याकडे खेळतो, बाकीचे नुसते भाषणं देतात. दोन्हीकडचं मीठ खाल्ल्यामुळे मी या भांडणात पडत नाही. (अकोल्याचा भाऊ हे वाचणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.)

तर आधी त्या स्पॅनिश पुस्तकाबद्दल. लिओपोल्दो आलास नावाचा लेखक होता, तो 'क्लारीन' या टोपणनावाने लिहायचा. स्पेनच्या उत्तरेला ओव्हिएदो म्हणून एक जुनं गाव आहे, तिथे तो कायद्याचा प्राध्यापक होता. त्याने १८८४-८५ मध्ये दोन भागांत 'ला रेखेंता' नावाची कादंबरी लिहिली. गाव ओव्हिएदोच, फक्त नाव बदलून वेतुस्ता केलं. गोष्ट सुरू होते ती भर दुपारी. सगळं गाव जेवून सुस्तावलेलं आहे, आणि एक पाद्री चर्चच्या उंच मनोऱ्यावर चढून दुर्बिणीतून लोकांची घरं न्याहाळतो आहे. गावातल्या बायका त्याच्याकडे पापांची कबुली द्यायला येतात, त्यामुळे कोणाच्या घरात काय चाललंय ते त्याला ठाऊक. त्या गावात आना नावाची तरुण बाई आहे. नवरा निवृत्त न्यायाधीश, वयाने खूप मोठा. ती कुठे जाते, कोणाशी बोलते, कोणाकडे बघते, यावर साऱ्या गावाचे डोळे. शेवटी ते गावच तिला गिळून टाकतं.

नातीने ही गोष्ट मला तीन रात्री फोनवर सांगितली. ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे अकोल्याची आमची गल्लीच येत होती. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की आमच्याकडेही दुपारी रस्त्यावर कुत्रं फिरकत नाही. आणि दुर्बीण म्हणाल तर ती होतीच. समोरच्या ओट्यावर पानदान घेऊन बसणाऱ्या एक मावशी होत्या. कोणाच्या घरी पोस्टमन आला, कोणाची सून माहेरून चार दिवस उशिरा आली, कोणाकडे संध्याकाळी चूल पेटली नाही, सगळं त्यांना दिसायचं. मनोरा कशाला हवा?

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पुस्तक आल्यावर ओव्हिएदोत मोठी खळबळ उडाली, तिथल्या बिशपने जाहीर निषेध केला. गावाची बदनामी केली म्हणून लोक चिडले. आणि आज? त्याच चर्चच्या समोरच्या चौकात १९९७ पासून आनाचा पुतळा उभा आहे. गावाने जिला छळलं तीच आता गावाची ओळख. नातीने मला फोटो पाठवला. लांब झग्यातली एक बाई, हातावर हात ठेवून जाता जाता थांबल्यासारखी. तिच्याच देशातला तो डॉन किहोते घ्या. सर्व्हान्तेसने १६०५ साली त्याचं गाव कोणतं ते मुद्दाम सांगितलंच नाही, तर ते आमचंच म्हणून ला मांचा प्रांतातली गावं आजवर वाद घालत आहेत!

हे ऐकून मला जरा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू?

कारण आमच्या गावांत कादंबरीला पुरेल असं काही घडलंच नाही, असं मुळीच नाही. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं. मग १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना आमची काळी माती आठवली. रेल्वे आली. खामगावसारख्या बाजाराच्या गावासाठी वेगळा फाटा टाकला आणि १८७० मध्ये तो उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. जिनं उभी राहिली, प्रेस आले. मागोमाग मारवाडी आणि गुजराती व्यापारी आले, वकील आले, कारकून आले. अमरावतीला १८९७ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं. १९२७ मध्ये त्याच अमरावतीत अंबादेवीचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून चळवळ झाली, पंजाबराव देशमुख तिच्यात पुढे होते. गावातली किती घरं तेव्हा आतून दुभंगली असतील! बाप एका बाजूला, मुलगा दुसऱ्या. क्लारीनला हे मिळतं तर त्याने तीन भाग लिहिले असते.

माझे वडील अकोल्याला एका जिनात दिवाणजी होते. दिवाळी झाली की कापसाच्या बंड्या यायला लागायच्या. रात्रीपासून रांग. बैल सोडलेले, शेतकरी बंडीखाली घोंगडी पांघरून निजलेले. सकाळी दलाल यायचा, बंडीत हात घालून मूठभर कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ओढून बघायचा आणि भाव सांगायचा. वर्षभराचा घाम त्या एका चिमटीत मोजला जायचा. काटा झाला की कापूस रेच्यांवर जायचा, रुई वेगळी, सरकी वेगळी. रुईच्या गठाणी बांधून मुंबईला, सरकी तेलाच्या घाणीत, ढेप पुन्हा खेड्यातल्या गुरांच्या पुढ्यात. आणि शेतकऱ्याच्या हातात आलेला पैसा संध्याकाळपर्यंत बाजारात रिकामा. लग्नाचा बस्ता, सावकाराचं व्याज, पोराला एक टोपी. आम्ही मुलं रुईच्या ढिगावर उड्या मारायचो आणि मार खायचो. घरी गेल्यावर आई डोक्यातली रुई वेचत बसायची.

गाव आणि शहर यांच्या मधलं हे जग. खेडं नाही, महानगरही नाही. कापूस, कचेरी, कोर्ट, शाळा, देऊळ, मशीद, नाटक कंपनीचा तंबू. मराठी, मारवाडी, उर्दू, तिन्ही एका गल्लीत. आपल्या मराठी साहित्याने याचे दोन वाटे केले. पांढरपेशांची ती शहरी कादंबरी, शेतकऱ्याची ती ग्रामीण. मधलं आमचं तालुक्याचं, जिल्ह्याचं गाव कोणाच्याच पदरात पडलं नाही.

मग काहीच नाही का? तसंही नाही. नातीला मी पहिलं नाव सांगितलं ते ऐकून ती हसायलाच लागली. मी म्हटलं, रिद्धपूर.

अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातलं हे गाव. महानुभावांची काशीच म्हणा. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी इथे 'लीळाचरित्र' सिद्ध केलं, आणि पाठोपाठ गोविंदप्रभूंचं चरित्रही. मराठीतलं हे पहिलंवहिलं गद्य. गोविंदप्रभू म्हणजे चक्रधरस्वामींचे गुरू, गावात त्यांना राऊळ म्हणत. भक्तांसाठी ते साक्षात ईश्वर. त्यांच्या चरित्रात मला तर आठशे वर्षांपूर्वीचं वऱ्हाडातलं एक गाव चालता-बोलताना दिसतं. राऊळ बाजारात हिंडतात, दुकानातलं उचलून खातात, कोणाच्याही घरात शिरतात, पोरांसारखे खेळतात, रागावतात. जातपात मानत नाहीत. गावातले काही त्यांना वेडं म्हणतात आणि तेच लोक अडचण आली की त्यांच्याकडे धावतात. मातंग वस्तीत पाणी नाही म्हणून लोक त्यांना विनवतात, आणि ते विहिरीची जागा दाखवतात. एका छोट्या गावातले दुकानदार, बायका, पोरं, विहिरी, देवळं... मराठी गद्य जन्माला आलं ते हे गाव लिहीतच आलं. आणि ते लिहिलं गेलं लोकांच्या बोलीत. संस्कृतात लिहिता येणारे पंडित होते ते! पण ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांना कळावं म्हणून मराठीत लिहिलं.

म्हणजे सुरुवात आमच्याकडे होती. पुढे काय झालं?

पुढे माणसं गावाबाहेर गेली. विश्राम बेडेकर अमरावतीचे, जन्म १९०६. त्यांच्या 'रणांगण' कादंबरीतली बोट युरोपातून हिंदुस्थानाकडे निघते. (कादंबरी थोरच, प्रश्नच नाही.) त्यांचं अमरावतीचं बालपण वाचायला मिळतं ते 'एक झाड आणि दोन पक्षी' या आत्मचरित्रात, म्हाताऱ्या वयात लिहिलेल्या. कुसुमावती देशपांडे अमरावतीच्याच, जन्म १९०४, नागपूरला स्थिरावल्या. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी जळगाव-जामोदला वकिली केली. त्यांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'त बंडूनाना आणि पांडूतात्या समाजाच्या चालीरीतींची भरपूर थट्टा करतात, पण त्यांच्या अंगणात वऱ्हाडचा धुरळा उडत नाही. भाषा अशी घडीव की कोणत्याही गावातली असावी.

गोनीदांचं मात्र तसं नाही. गो. नी. दांडेकर परतवाड्याला १९१६ मध्ये जन्मले, तेराव्या वर्षी घर सोडून निघाले आणि जन्मभर हिंडले. पण 'पूर्णामायची लेकरं' लिहायला बसले तेव्हा वऱ्हाडी बोलीत बसले. गेलेल्या माणसाच्या कानात गाव राहिलं होतं.

आणि उद्धव शेळके. 'धग', १९६०. मंडळी, हे पुस्तक ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी माझं लिखाण इथेच सोडून आधी ते मिळवा. अमरावती जिल्ह्यातल्या गावांत घडणारी एका शिंपी कुटुंबाची गोष्ट. कौतिक नावाची बाई, कर्तृत्ववान, मानी. नवरा महादेव कामाला नेट नसलेला. पोटासाठी बिऱ्हाड इकडून तिकडे. ती मजुरी करते, पै पै जोडते, मुलांना वाढवते, आणि दर वेळी दैव तिच्या हातातलं काढून घेतं. निवेदन साध्या प्रमाण मराठीत, बोलणं सगळं अस्सल वऱ्हाडीत. त्या बोलण्यात कुठे विनोद नाही की गंमत म्हणून टाकलेला शब्द नाही. कौतिकला दुसरी भाषाच नाही. तिचं रडणं, हिशोब, भांडण, माया, सगळं त्यातच. मी आतापर्यंत चार वेळा वाचली. शेवटाकडे आले की अजूनही पुस्तक मिटून उठावंसं वाटतं.

नंतरही आहेत. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' १९८५ मध्ये रंगभूमीवर आलं. धरणगावकर देशपांड्यांचा वाडा, दाराशी गंजत पडलेला ट्रॅक्टर, किती वाजले म्हणून पुन्हा पुन्हा विचारणारी दादी. मुंबईचं नाटक म्हणून लोकांनी पाहिलं, पण त्या घरातलं बोलणं ऐकलं की आम्ही वऱ्हाडातले लोक लगेच ओळखतो, हे आपल्या काकांचं घर! प्रतिमा इंगोले यांच्या कथा आहेत, मधुकर केच्यांचे ललित लेख आहेत, पुरुषोत्तम बोरकरांची 'मेड इन इंडिया' आहे, सदानंद देशमुखांची 'बारोमास' आहे (तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला).

ही यादी सांगितल्यावर नात म्हणाली, "आजी, मग एवढं सगळं आहे तर मला शाळेत कोणी सांगितलं कसं नाही?"

मी गप्प झाले. कारण ती ज्या गावातल्या शाळेत शिकली, त्याच गावात मी आयुष्यभर शिकवलं. प्रश्न माझ्यासारख्यांनाच होता.

आता जे सांगणार आहे ते आजवर घरातही कोणाला सांगितलेलं नाही.

साल १९८१. मी आठवीला मराठी शिकवत होते. निबंधाचा विषय दिला, 'माझी आई'. विषय जुनाच, आणि निबंधही ठरलेले यायचे. मातेची महती, प्रेमाचा सागर वगैरे. वर्गात एक मुलगा होता, जिनाजवळच्या वस्तीत राहणारा. त्याने लिहिलं होतं ते मला आज शब्दाला शब्द आठवतं, कारण त्यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली मी लाल रेघ मारली होती. त्याने लिहिलं होतं:

"माही माय जिनात जाते. माह्या मायच्या डोक्याले रुई लागते. संध्याकायी थे घरी येते तवा म्हातारी दिसते. आंग धुतलं का मंग पुन्हा पोरीवानी दिसते."

मी 'माही' खोडून 'माझी' केलं. 'डोक्याले'चं 'डोक्याला' केलं. 'थे'चं 'ती'. शेवटी दहापैकी तीन गुण दिले आणि खाली लिहिलं, "भाषा अशुद्ध. शुद्ध लिहिण्याचा सराव करावा." एवढंच करून थांबले असते तरी बरं होतं. मी ती वही वर्गात वाचून दाखवली, अशुद्ध भाषेचा नमुना म्हणून. वर्ग हसला. मीही हसले.

अहो, मी स्वतः जिनातल्या दिवाणजीची मुलगी! माझ्या डोक्यातली रुई माझ्या आईने वेचलेली. त्या मुलाने चार ओळींत जे पाहिलं होतं ते माझ्या लहानपणी मी रोज पाहायचे. जिनातून सुटणाऱ्या पांढऱ्या केसांच्या बायका, आणि नळावर डोकं धुतल्यावर त्याच बायका तरण्या. पण त्या क्षणी मला ते दिसलंच नाही. मला फक्त 'ले' आणि 'थे' दिसले.

पुढचा निबंध त्याने ठरल्याप्रमाणे लिहिला. प्रेमाचा सागर, वात्सल्याची मूर्ती. मी सहा गुण दिले. सुधारणा झाली म्हणून कौतुकही केलं.

'धग' मी वाचली त्यानंतर तीन वर्षांनी. कुठे मिळाली? आमच्याच शाळेच्या ग्रंथालयात. कुलूपबंद कपाटात होती, आणि त्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच होती. मुलं पुस्तकं खराब करतात म्हणून कपाट क्वचित उघडायचं. सुट्टीत घरी नेली. वाचताना कौतिकच्या तोंडचा शब्द न् शब्द मला त्या वहीची आठवण करून देत होता. ज्या भाषेत शेळक्यांनी मराठीतली एक उत्तम कादंबरी उभी केली, तिलाच मी तीन गुण दिले होते.

म्हणून माझं मत आता पक्कं झालं आहे, पटलं नाही तर खुशाल भांडा. आमच्या गावांची कादंबरी झाली नाही, याचं कारण आपण सांगतो की इथे प्रकाशक नाहीत, पुण्या-मुंबईचे समीक्षक दखल घेत नाहीत, हुशार मुलं बाहेर जातात. यात थोडं थोडं खरं आहेच. पण त्याच्याही आधी एक गोष्ट घडते. गाव लिहायला त्या गावाचं बोलणं लागतं, आणि ते बोलणं लाजिरवाणं आहे हे आपण मुलाला बाराव्या-तेराव्या वर्षीच शिकवून ठेवतो. मग तो मोठा झाला तरी आईबद्दल लिहायला बसला की हाताला 'वात्सल्याची मूर्ती'च येते. जिन येत नाही, रुई येत नाही.

दुसरी बाजू मला माहीत आहे. आमचे हे (आता नाहीत) नेहमी म्हणायचे, "बोर्डाच्या परीक्षेत 'मले-तुले' लिहिलं तर पोरगं नापास होईल, त्याला नोकरी कोण देणार?" बरोबर आहे. प्रमाण भाषा शिकवलीच पाहिजे. कोकणातल्याला आणि चंद्रपूरच्याला एकमेकांचं कळायला ती हवीच, मी हा लेखही तिच्यातच लिहिते आहे. माझं म्हणणं इतकंच की एक शिकवण्यासाठी दुसरी मारायची गरज नव्हती. मी त्या वहीवर "फार छान पाहिलं आहेस, आता हेच परीक्षेच्या भाषेतही लिहून बघ" असं लिहू शकले असते. लाल शाईच वापरायची होती तर तीही चालली असती.

आणखी एक. वऱ्हाडी हल्ली खूप ऐकू येते हे खरं, पण कशासाठी? हसवायला. कविसंमेलनात कोणी वऱ्हाडी कविता म्हणायला उभा राहिला की पहिला शब्द यायच्या आधीच लोक हसायच्या तयारीत असतात. महाराष्ट्रात कित्येकांना तर वऱ्हाड म्हटलं की लग्नाचं वऱ्हाडच आठवतं, 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आमच्यावरच आहे असं समजणारे मला भेटले आहेत! विनोदाला माझा विरोध नाही. 'मेड इन इंडिया' वाचताना मीही पोट धरून हसले, आणि नंतर बराच वेळ हसू आलं नाही. पण ज्या भाषेत फक्त हसायचंच, तिच्यात माणसं आपलं दुःख सांगायला कचरतात. विठ्ठल वाघांसारख्यांनी तिच्यात मातीची, तिफणीची कविता लिहून दाखवली. ती वाट रुंद व्हायला हवी होती.

रिद्धपूरला २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं, त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्ही बातम्यांनी माझा ऊर भरून आला. पण विद्यापीठात मूल पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. काम आठवीच्या वहीत आहे. माझ्या शिक्षक वाचकांना (दोन भाचेसुना आणि एक जुनी विद्यार्थिनी नक्की वाचतात) माझी विनंती आहे. वर्षातून एक निबंध मुलांना घरच्या बोलीत लिहू द्या आणि त्यात भाषेच्या चुका मोजू नका. आपल्या जिल्ह्यातल्या लेखकाचा एक तरी उतारा वर्गात मोठ्याने वाचा, पुस्तकात असो नसो. आणि कपाटाचं कुलूप काढा. पुस्तकं फाटली तर फाटू द्या.

घाई अशासाठी की गाव बदलतंय. वडिलांच्या जिनाच्या जागी आता दुकानांचं संकुल आहे, खाली मोबाईल विकतात. बंड्यांची रांग पाहिलेली माणसं माझ्या वयाची उरली. आम्ही गेलो की ते गाव कुठेच नसेल. ओव्हिएदोला निदान वेतुस्ता आहे.

म्हणून गेल्या महिन्यात मीच एक वही घेतली. ठरवलं, अकोल्याचं जिन वऱ्हाडीत लिहायचं, आई बोलायची तसं. आणि काय सांगू, जमेना! हात आपोआप 'आहे' लिहितो, आई 'हाये' म्हणायची. एक ओळ लिहायची, खोडायची, पुन्हा मोठ्याने म्हणून बघायची. इतरांच्या खोडता खोडता माझीही कधी खोडली गेली ते कळलंच नाही. आतापर्यंत सात पानं झाली आहेत. बरी नाहीत. पण थांबणार नाही.

त्या मुलाचं काय झालं? त्याचं बसस्टँडजवळ दुकान आहे, चांगलं चाललंय. मुलगी इंजिनीअर झाली. मी अधूनमधून जाते. गिऱ्हाइकाशी तो फर्ड्या वऱ्हाडीत बोलत असतो, "काऊन भौ, लय दिवसानं आला?" आणि मला पाहिलं की हातातलं काम सोडून उभा राहतो, आवाज बदलतो, आणि एकेक शब्द जपून उच्चारत म्हणतो, "नमस्कार बाई, कशा आहात? बसा ना." चाळीस वर्षांच्या वर झाली, तरी माझ्याशी बोलताना तो अजून लाल शाई टाळतो आहे.

मागच्या आठवड्यात धीर करून मी त्याला म्हटलं, "तू आठवीत आईवर निबंध लिहिला होतास. फार चांगला होता रे. माझं चुकलं."

तो हसला. म्हणाला, "मला आठवत नाही, बाई." मग जरा थांबून म्हणाला, "माय गेली मागच्या साली."

'माय' म्हणाला. मी दुरुस्त केलं नाही.

तुमच्या गावाचं पुस्तक कोणतं? जरूर कळवा. कादंबरीच हवी असं नाही, कथा, कविता, आठवणी, काहीही चालेल. नातीला यादी द्यायची आहे. आणि पुस्तक नसेलच, तर तुमच्या घरात जुनं बोलणारं कोणी असेल त्यांच्याजवळ बसा, आणि ते बोलतील तसं उतरवून घ्या.